देवाच्या नावाची चौकट

मी एक जुना, तरीही अजून कोराच असलेला अर्ज आहे. मित्रांनो, मला कपाटात शोधू नका. सुरतच्या नवागाममध्ये आमच्या खान्देशी मंडळाचा संगणक आहे, त्यात मी राहतो.

बँकेत नोकरी करणाऱ्या अपर्णाताईंनी मला वधू-वर परिचय पुस्तिकेसाठी घडवले. नाव, शिक्षण, मूळ गाव, मामाचे कूळ आणि अगदी तळाशी फोन नंबर, असा मी एका पानात नेमका मावत असे. "किती सुबक आहे!" असे कोणी म्हटले की मला फार बरे वाटे.

कुलूप मात्र मला नव्हते; कोणीही माझे शब्द हलवू शके. एकदा शोभाबाई आपल्या लेकीची, जयश्रीची, माहिती भरायला बसल्या. "देवनं नाव नही, तं कागद कसाना वं?" म्हणत त्यांनी माझ्या माथ्यावर जागा केली आणि 'कानबाई माता प्रसन्न' लिहिले. नाव मंगलच, पण त्याने माझी शेवटची ओळ घसरून दुसऱ्या पानावर गेली. पुस्तिकेत प्रत्येकाचे एकच पान. जयश्रीचा नंबर छापलाच गेला नाही.

इतर मुलींच्या घरी फोन येऊ लागले. जयश्री हसून विषय टाळी, पण पुस्तिका तिने उशाशी ठेवली होती. शेवटी शोभाबाई मंडळात आल्या.

"ताई, मन्ही पोरमा काय कमी शे?"

अपर्णाताईंनी पान उघडले. "अहो मावशी, नंबरच नाही! लोक फोन कुणाला करणार?"

"मंग काय कानबाईले लावतीन?" शोभाबाई म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

त्याच दुपारी जयश्रीचे दुरुस्त पान मंडळाच्या ग्रुपवर गेले, आणि मला कुलूप लागले. आता फक्त करड्या चौकटींत लिहिता येते, बाकी माझे अक्षरही हलत नाही. मंडळात येणाऱ्या गुजराती मगनकाकांनी 'शिक्षण' हा शब्दच पुसून पाहिला, पण तो पुसला जाईना. "बहु कडक छे!" म्हणून त्यांनी हात जोडले. आणि हो, सगळ्यांत वर ताईंनी एक नवी चौकट दिली, देवाच्या नावासाठी.

आठवडाभरात शोभाबाईंचा फोन वाजला. पलसाण्याहून स्थळ होते. त्या बोलणार, तोच जयश्रीने हात पुढे केला. "आई, दे. आधी मीच बोलसू."

मित्रांनो, चार जणांनी भरायचा अर्ज कराल तेव्हा त्याला कुलूप जरूर लावा. पण त्याआधी, माणसे श्रद्धेने काय लिहिणारच आहेत ते विचारा, आणि तेवढी जागा मोकळी सोडा.