घोणस हलत नाही

प्राणिसंग्रहालयात साप सांभाळणाऱ्या बाईंना सगळे घोणसबाई म्हणत. काचेमागची घोणस त्यांची लाडकी, आणि डोक्याला ताप तोही तिचाच. वाळक्या पाल्यात वेटोळं घालून पडली की पडली. उंदीर आपल्या पायांनी तोंडाशी येत असताना ती कशाला हलते? लोक काच ठोकायचे, "रबराची आहे हो," म्हणायचे आणि माकडांकडे पळायचे.

"अहो, न हलणं हाच तिचा स्वभाव," बाई घसा फोडून सांगायच्या. "नाग निदान फणा तरी काढतो. ही पाल्यात पाला होऊन पडते आणि आपण वर पाय ठेवतो." त्यांच्या थोरल्या भावाने असाच ठेवला होता. जीव वाचला, पाय गेला. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास: आलेल्या प्रत्येकाने तिला पाल्यात शोधायला शिकावं. पण ऐकतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या. "बाई, तिकीट काढून लोक पाला बघायला येतात का? जरा हलवा की तिला."

"डिवचलं तर चावेल, साहेब."

"राहू दे. मीच बघतो."

साहेबांनी बघितलं ते असं: घोणस मागच्या खोलीत गेली आणि काचेमागे बॅटरीवरची रबरी आली. कोणी जवळ गेलं की मान उचलायची, फुस्स करायची. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भांडल्या, विनवण्या केल्या. साहेब ढिम्म. वर बॅटरी बदलायचं काम बाईंच्याच गळ्यात मारलं.

गर्दी मात्र लोटली. एका आईने लेकीला उचलून काचेशी धरलं. "बघितलंस? घोणस असली की आधी मान वर करते. उद्या मामाच्या शेतावर असं काही दिसलं नाही, तर खुशाल पळायचं."

बाई गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ पोचल्या. "ताई, ही खोटी आहे. खरी हलत नाही. पोरीला पाल्यात पाय टाकू देऊ नका."

आई समजुतीनं हसली. "नाही हो. खोटी मागच्या वेळी ठेवली होती तुम्ही. ती हलतच नव्हती."

आणि लेकीचा हात धरून ती दाराकडे निघाली.