दोन इंचाला सूतभर कमी

"अजून एकदा," अभिजीत म्हणाला. "सगळ्यांनी श्वास घ्या आणि पुश."

सगळ्यांनी श्वास घेतला, ढकललं आणि पुस्तकांचं ते आठ फुटी कपाट जिथल्या तिथे कुरकुरलं. एक टोक दोन खांबांमधल्या कोनाड्यात घुसलेलं, दुसरं क्लबहाऊसच्या वरच्या हॉलमध्ये. आतून ओढायला म्हणून कोनाड्यात शिरलेले खजिनदार कैलासराव आता भिंत आणि कपाट यांच्या मधे अडकले होते. कपाटाला पाठ नव्हती. त्यामुळे तिसऱ्या खणातून त्यांचा चेहरा दिसत होता, जामीन नाकारलेल्या माणसासारखा.

"चहा आला का?" त्यांनी विचारलं.

पालेगावच्या बारा टॉवरांच्या सोसायटीतलं हे काष्ठानंद मंडळ. दर रविवारी सकाळी सात-आठ जण क्लबहाऊसच्या तळमजल्यावरच्या खोलीत जमायचे, एक खिळा ठोकायचे आणि त्यावर तासभर भांडायचे. अध्यक्ष अभिजीत आयटीतला. व्हिडिओ बघून सुतारकाम शिकलेला, चामड्याचा ॲप्रन घातल्याशिवाय पेन्सिललाही टोक न करणारा. 'सुतार' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. 'मेकर' म्हणायचं.

कोपऱ्यात झाडू घेऊन बुधाजी भोईर उभा होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्याने एकतीस वर्षं लाकडी पॅटर्न केले. आधी त्याने लाकडात व्हॉल्व्ह घडवायचा, मग वाळूत त्याचा ठसा घेऊन पोलाद ओतायचं. एवढ्या वर्षांत त्याचा एकही पॅटर्न परत आला नव्हता. मंडळात मात्र तो सहा महिने उमेदवार सदस्य होता, आणि नियम नऊप्रमाणे उमेदवाराने सूचना करायच्या नसतात, भुसा झाडायचा असतो. बुधाजी झाडत होता. घर वन बीएचके, रंधा हातात घेतला की खालचे इंटरकॉम करायचे. खोलीतलं खिडकीजवळचं टेबल फक्त पक्क्या सदस्याला मिळायचं. त्याच्या सदस्यत्वाचं मतदान आजच होतं, अकरा वाजता कपाटाचं उद्घाटन झाल्यावर. उद्घाटनाला नगरसेवक येणार होते.

"खांब फुगलाय," अभिजीत म्हणाला.

"खांब नाही फुगत, सर," सनी म्हणाला. उल्हासनगरला त्याचं प्लायवूडचं दुकान. "और मेरा माल भी नहीं फुगता, आधीच सांगून ठेवतो."

"मिनिट्समध्ये काय लिहू?" सचिव शलाकाताईंनी वही उघडली. "खांब की माल?"

"ओलावा लिहा."

सनीने खांबाला साबण चोळला. पुन्हा ढकलल्यावर कपाट तसंच राहिलं आणि सनी घसरून खाली बसला. कुणीतरी हातोडा आणला. पहिल्या घावाला खांबाचं प्लास्टर पडलं, दुसऱ्याला कैलासरावांचा चष्मा.

बुधाजीला राहवेना. त्याने झाडू भिंतीला टेकवला, टेप घेतला आणि कपाट मोजलं.

"काका, नियम नऊ," शलाकाताई म्हणाल्या.

"सूचना नाय करत. मोजतो." त्याने पुन्हा मोजलं. "आठ फुटाच्या वर दोन इंच. सूतभर कमी."

"शक्यच नाही," अभिजीत म्हणाला. "टेपवर माझा विश्वासच नाही. टेपचा हूक हलतो. गॅप तेवढी टेपने घेतली, पण प्रत्येक फळी मी या स्टील स्केलने आखलीये." त्याने ॲप्रनच्या खिशातून दोन फुटी पट्टी काढली.

ती पट्टी बघून बुधाजी पुढे झाला.

"ही माजी हाय. कुठं घावली?"

"खालच्या खोलीत, तुमच्या हत्यारांच्या पेटीत. गेल्या रविवारी तुम्ही कुळगावला हळदीला गेला होतात ना."

"पेटीला कुलूप व्हता."

"प्यार से खोला, काका," सनी म्हणाला.

"अरे, ही पॅटर्नची पट्टी हाय," बुधाजी म्हणाला. "पोलाद थंड व्हताना आकसतं. म्हनून पॅटर्न मोठा करतात, नि म्हनून या पट्टीवरचा फूटच मोठा असतो. दोन फुटाला जवलजवल चार सूत, म्हंजे अर्धा इंच. तुमी एकेका फळीवर चार वेला लावली."

कपाटामागून चहा फुरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे खोटी पट्टी," लिहिता लिहिता शलाकाताई म्हणाल्या.

"खोटी नाय. पोलादाची हाय."

"काका, जगात फूट एकच असतो," अभिजीत म्हणाला. "मी इंजिनियर आहे. तुम्ही फसवी पट्टी मंडळाच्या खोलीत ठेवलीत आणि कुणाला बोलला नाहीत."

"पाठीवर लिवलंय."

अभिजीतने पट्टी उलटी केली. लिहिलेलं होतं. "हे कोण वाचतं?"

"माझा निषेध नोंदवा," कैलासराव खणातून म्हणाले. "आणि बिस्किट असेल तर इकडे द्या."

तेवढ्यात फोन आला. नगरसेवकसाहेब चिखलोलीहून निघाले होते.

"एका बाजूची उभी फळी काढा," बुधाजी म्हणाला. "आडव्या फळ्या मी कापतो. अर्ध्या तासात बसवून देतो."

अभिजीतने जरा विचार केला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "चालेल. पण आधी दोन ओळी लिहून द्या. सोसायटीला उत्तर मलाच द्यावं लागतं. तुमचं सदस्यत्व मग नक्की. खिडकीचं टेबलही तुमचं."

शलाकाताईंनी ओळी लिहूनच आणल्या. 'माझ्या सदोष पट्टीमुळे मंडळाचे नुकसान झाले. मी दिलगीर आहे.'

बुधाजीने पेन घेतलं. हॉलमधून खालच्या खोलीतलं टेबल दिसत नव्हतं, पण त्याला दिसलं. सकाळचं ऊन फळीवर आडवं पडलंय, रंध्यातून सागाची सालपटं निघतायत. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं त्याने लाकडाला धड हात लावला नव्हता, भुसा सोडून. मग त्याने पट्टीकडे बघितलं. तिच्यावर आखलेले व्हॉल्व्ह कुठल्या कुठल्या देशांत अजून पाणी अडवून बसले असतील.

त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"ह्यो कपाट पोलादात वतून घ्या," तो म्हणाला. "थंड झाला का बराबर बसंल. सूतभर बी हलनार नाय."

सनी खो खो हसला, अभिजीतकडे बघून गप्प झाला.

मतदान उद्घाटनाआधीच उरकलं. विरोधात हात वर झाले. सनीचाही झाला, उशिरा. कपाटावरून कैलासरावांचा हात वर आला.

"कशावर आहे हे?" त्यांनी विचारलं.

"बुधाजीकाकांना काढायचं."

"मग मला काढायचं मतदान कधी?" ते म्हणाले. हात मात्र वरच राहिला.

बुधाजीने अभिजीतच्या हातातून पट्टी घेतली. साबणाचा डाग शर्टाला पुसला. खाली जाऊन पेटी उचलली.

तो गेटपाशी पोचला तेव्हा वर कटर सुरू झाला. आवाजावरूनच त्याला कळलं, ब्लेड लोखंड कापायचं लावलंय. ते लाकूड कापत नव्हतं, जाळत होतं. आणि उभी फळी काढलीच नव्हती, तिच्यासकट चाललं होतं. मग काहीतरी कडाडलं. कैलासराव ओरडले. कटर थांबला नाही.

बुधाजीची पावलं वळली. चार पावलं तो परत चाललासुद्धा. मग थांबला. पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि कटर बंद होईपर्यंत तिथेच उन्हात उभा राहिला.