पडद्यावरचं नाव

सुमिनाहनं आणलेला जुना लॅपटॉप पेनड्राइव्हला दाद देईना, म्हणून तार्जोनं त्याची हार्डडिस्क काढून आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडली आणि नवी सिस्टिम तिथूनच चढवली. सुमिनाह स्टुलावर बसून होती. नवरा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची जेवणं काल उरकली होती, तरी तिला रडू आलं नव्हतं.

डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवून तार्जोनं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, ‘स्वागत, पुर्वादी.’

तार्जोनं जीभ चावली. "चुकलंच हो, बू पुर्वादी! हात सवयीनं गेला."

‘बू’ म्हणजे बाई; सगळी गल्ली तिला नवऱ्याच्याच नावानं अशी हाक मारायची.

"बदलतो लगेच. तुमचं नाव... काय हो तुमचं नाव?"

वीस वर्षांचा शेजार होता.

"राहू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्याच नावावर चाललंय."