दुसऱ्या ठोक्यावरची टाळी

झेनी, म्हणजे माझ्या बहिणीची लेक झेनोबिया, मागच्या वर्षी विज्ञानस्पर्धेला गेली ती दुसऱ्यांची खोकी उचलायला. राखीव गडी. बसच्या शेवटच्या बाकावर बसून गेली, तशीच परत आली. यंदा घड्याळ बनवणाऱ्या जोडीत आपलं नाव लागलंच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं होतं. वय तेरा, हट्ट तिशीतला.

घड्याळ स्वतः बनवायचं, त्यात वीज नको, बॅटरी नको. परीक्षक एक शिट्टी मारणार, काही वेळानं दुसरी. मधे किती सेकंद गेले ते सांगायचं. शाळेतून एकच जोडी जाणार होती. विज्ञानाच्या ब्रुनर सरांनी बजावलं होतं, "सोमवारी तीन फेऱ्या. एकीतही अर्ध्या सेकंदाहून जास्त चूक दिसली, तर पाणघड्याळवाली मुलं जातील."

झेनीची जोडीदार डानुटा, मागच्या गल्लीतल्या पोलिश घरची. दोघींनी माझ्या तळघरात लाकडी चौकट उभी केली आणि माझ्या गेलेल्या नवऱ्याचा पितळी ओळंबा मीटरभर दोरीला टांगला. गवंड्याचा ओळंबा तो, आमच्या सॅगिनॉ शहरातल्या कितीतरी भिंती त्यानं सरळ केल्या. पलीकडे जायला त्याला एक सेकंद लागे, परत यायला एक. शिट्टी झाली की डानुटा ओळंबा सोडायची आणि झेनी जाऊन-येऊन असे पुरे हेलकावे मोजायची. हेलकाव्यांची दुप्पट म्हणजे सेकंद. शेवटचा अर्धामुर्धा हेलकावा मागच्या कागदावरच्या खुणांवरून धरायचा.

शनिवारी मी स्टॉपवॉच घेऊन बसले. माझे साठ झाले, तर त्यांचे एकसष्ट.

"दोरी आखूड पडतेय," डानुटा म्हणाली. दोरी वाढवली, साठ बरोबर आले, दोघी नाचल्या. मग दोनशेची फेरी घेतली, तर आले एकशे अठ्ठ्याण्णव. वीसची घेतली, तर साडेवीसच्या वर.

"घड्याळ आहे का पुढारी?" मी म्हटलं. "ज्याला त्याला वेगळंच सांगतंय."

कुणी हसलं नाही.

"तू नीट सोडत नाहीस," झेनी म्हणाली.

"तू नीट मोजत नाहीस!"

"मला मोजायला शिकवतेस? चार वर्षांची होते तेव्हापासून चर्चच्या गायनात उभी राहते मी. ताल माझ्या हाडात आहे."

"मग हाडांनाच विचार!" म्हणत डानुटा कोट घालून निघून गेली. मी दोघींसाठी भाजलेला गोड पीच कॉबलर तसाच राहिला.

हे भांडण सोमवारपर्यंत न्यायचं नव्हतं. रविवारी सकाळी मी डानुटाच्या आईला विचारलं आणि पोरीला आमच्या चर्चला नेलं.

"बर्निस मावशी, मी कॅथलिक आहे. चालेल?"

"देव दारात उभा राहून आडनावं विचारत नाही गं. चल."

त्या दिवशी बायबलातल्या यहोशवासाठी लढाईत सूर्य थांबला, ती कथा होती. आमचे पास्टर ओडम आधी साधंच बोलतात. मग एखादा शब्द लांबतो, आवाज चढतो, ऑर्गन मागून हुंकार देतो, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतच नाही. "सूर्य थांबला!" पास्टरांनी सूर लावला. "थांबला!" आम्ही सगळे. तिथं मी दर रविवारी हरवते आणि तिथंच सापडते. टाळ्या सुरू झाल्या. डानुटाही मनापासून वाजवायला लागली.

पुढच्या बाकावरच्या सिस्टर आयडा मागं वळल्या. "अगं लेकरा, उलटं वाजवतेस!"

दोन-चार पोरं फिसकन हसली. डानुटा लालबुंद झाली आणि चुकू नये म्हणून झेनीच्या हातांकडे बघत राहिली. बघता बघता तिचे हात थांबले.

"झेनी, तू पहिला ठोका सोडूनच देतेस."

"सगळेच सोडतात. टाळी दुसऱ्यावर, मग चौथ्यावर. पहिल्यावर कोण वाजवतं?"

"मी! आणि ऐक. मी ओळंबा सोडते तो पहिला ठोका. तो पलीकडे पोचतो तो दुसरा. तिथंच तू 'एक' म्हणतेस. तेव्हा एकच सेकंद झालेला असतो आणि आपण दोन धरतो!"

झेनीनं ओठ हलवत मोजून पाहिलं. वीस असोत की दोनशे, दर वेळी एकच सेकंद जास्त. दोरीचा दोष कधी नव्हताच. तिचा चेहरा पडला.

"म्हणजे चूक माझी."

"तुझी मोजणी एकदासुद्धा हलली नाही," डानुटा म्हणाली. "कधी इकडे कधी तिकडे झाली असती, तर मला कशी सापडली असती?"

सिस्टर आयडांनी पुन्हा वळून बोट ओठांवर ठेवलं.

दुपारी दोरी मूळच्या गाठीवर आणली. ओळंबा परत आल्यावरच मोजायचं, असं झेनीनं ठरवलं. पण दहा-बारा हेलकावे झाले, की तिची जीभ जुन्या जागी पळायची आणि सगळी मोजणी विस्कटायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोड," डानुटा म्हणाली. "तू तुझ्या तालात मोज. एक मी वजा करते."

सोमवारी चौकट माझ्याच गाडीतून गेली, म्हणून मलाही वर्गात मागं बसायला मिळालं. सर म्हणाले, "आवाज अजिबात नको." झेनी मांडीवर ताल धरू लागली. पहिल्या फेरीत दोन दशांश सेकंदाचा फरक आला. दुसरीत एक. तिसरी लांबत गेली, दोनशेच्या वर. झेनीच्या कपाळावर घाम, पण तळहात चुकत नव्हता. शिट्टी झाली. डानुटानं ओळंबा धरला, खुणा पाहिल्या, एक वजा केला आणि आकडा लिहिला. सरांनी चष्मा वर केला.

"तीन दशांश. काय युक्ती केलीत?"

"काही नाही, सर," झेनी म्हणाली. "मी चुकते तशीच चुकले. ही ते दुरुस्त करते."

सरांनी यादीत दोन नावं लिहिली. झेनीनं उठून, जवळ जाऊन स्वतःच्या नावाची अक्षरं नीट वाचली.

"शनिवारी सातला बस. उशीर करू नका."

"घड्याळवाल्यांना सांगताय, सर?" डानुटा म्हणाली, आणि माझ्या आधी सरच हसले.