हिरव्या दिव्याचा साक्षात्कार

लॉन्ड्रीसमोर एवढी गर्दी लोटली होती की माझ्या दुकानात शिरायला वाट उरली नव्हती. मी शिंपी. समोरचा ड्रायक्लीनिंगवाला शेठ अन् मी, आमचं बरं जमायचं. त्याच्याकडे कोट धुवायला आले की उसवलेली अस्तरं माझ्याकडे यायची. पण त्या दिवशी कोटाचं कुणाला पडलं होतं? लॉन्ड्रीच्या पायरीवर टेबल, टेबलावर एक पेटी, पेटीवर दोन दिवे, अन् पेटीमागे हिरव्या कोटातला एक गृहस्थ. स्वतःला तो 'हरितगुरू' म्हणवायचा. आमच्या गल्लीनं त्याचं 'हिरवेबुवा' करून टाकलं होतं.

"डोळे असतील तर बघा!" हिरवेबुवा गरजले. "हे तुमच्या विहिरीचं पाणी. मोठ्या कौतुकानं पिता ना?"

पेटीतून निघालेल्या दोन तारा त्यांनी पेल्यात बुडवल्या. लाल दिवा भक्कन लागला. गर्दीतून "अगं बाई!" असा एकच सूर निघाला.

"विष! अन् हे माझं हरितामृत. पानाफुलांचा अर्क. रसायन नावालासुद्धा नाही!" तारा पुसून त्यांनी हिरव्यागार बाटलीत सोडल्या. हिरवा दिवा. "परम सात्त्विक! पेटी खोटं बोलत नाही, मंडळी. माणूस बोलतो!"

हे शेवटचं तेवढं खरं होतं. पण टाळ्यांच्या कडकडाटात माझं कोण ऐकतंय?

रंगवाला म्हणाला, "माझे ब्रश धुवायला एक पिंप ठेवा." छापखानेवाला म्हणाला, "मला दोन." शेठ तर लग्नघरच्या यजमानासारखा मिरवत होता, कारण हरितामृताचं पहिलं पिंप महिन्यांपूर्वीच त्यानं घेतलं होतं. कपडे धुवायचं जुनं उग्र द्रावण त्यानं बंद केलं, अन् तेव्हापासून लॉन्ड्रीत नवं शहाणपण सुरू झालं होतं. हवा बाहेर फेकणारा पंखा बंद, कारण लिंबाचा सुवास वाया जातो. खिडक्या बंद, कारण धूळ येते. हातमोजे कपाटात, कारण पानाफुलांना कोण मोजे घालून शिवतं? अन् वापरून मळलेलं हरितामृत मागच्या अंगणात, झाडांच्या मुळाशी. "झाडं दुवा देतील," असं बुवांनी सांगितलं होतं. त्या झाडांच्या शेजारीच गल्लीची विहीर.

त्या बंद खोलीत, डाग काढायच्या टेबलाशी, दिवसभर वाकून कोण बसायचं? माझी ताई. सख्खी, माझ्याहून मोठी, अन् माझ्याहून दहापट हट्टी. दुपार झाली की तिचं डोकं जड व्हायचं, बोटांची कातडी सोलली होती, संध्याकाळी घरी येताना पाय भलतीकडेच पडायचे. डॉक्टरांनी विचारलं, "हुंगता काय दिवसभर?" तर ही म्हणाली, "काही वाईट नाही हो, त्याला हिरवा दिवा लागतो." डॉक्टर तरी यावर काय लिहून देणार! मी रागावलो तर मलाच म्हणाली, "अरे शहाण्या, तू सुया ओव. पेटीपेक्षा तुला जास्त कळतं का?"

माझं काळीज मात्र रोज संध्याकाळी ती दिसेपर्यंत थाऱ्यावर नसायचं.

तर गर्दीच्या त्या दिवशी, बुवांचं प्रवचन ऐन रंगात आलं असताना लॉन्ड्रीचं दार उघडलं अन् ताई बाहेर आली. चेहरा पांढराफटक. दोन पावलं टाकली अन् मटकन खाली बसली. मी गर्दीत कोपरं मारत धावलो.

"वारा घाला! पाणी आणा!" मी ओरडलो.

"पाणी? खबरदार!" बुवांनी हात वर केला. "ती विहिरीचं पाणी पिते ना? मग चक्कर नाही येणार तर काय! लाल दिवा बघितलात की नाही सगळ्यांनी?"

अन् काय सांगू तुम्हाला, शेजारणीनं भरून आणलेला पेला खरंच मागे घेतला! माझ्या बहिणीचे ओठ सुकलेले, अन् ही माणसं पेटीकडे बघतायत. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"द्या इकडे तो पेला," मागून एक आवाज आला, अन् अर्धी गर्दी आपोआप सरळ उभी राहिली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. आमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली. त्या आपला कोट न्यायला आल्या होत्या. त्यांनी ताईला मोकळ्यावर बसवलं, घोट घोट पाणी पाजलं, तिचे हात हुंगले अन् मग पेटीकडे वळल्या.

"अहो गुरू, तारा हवेत धरा बरं. कशातच बुडवू नका."

बुवा जरा घुटमळले. बाईंनी स्वतःच तारा उचलल्या. हिरवा दिवा.

"म्हणजे काहीच नसलं तरी सात्त्विक. बरं, दूध आणा कुणीतरी."

चहावाल्यानं दूध आणलं. लाल दिवा!

"बाळाचं दूध विष?" चहावाल्याची बायको कंबरेवर हात ठेवून पुढे सरसावली.

"दूध भेसळीचं असेल," बुवा म्हणाले.

"तुझ्या तोंडात भेसळ!" ती म्हणाली.

"शिंपीदादा, तुमच्या मशीनचं तेल आणता?" बाई मला म्हणाल्या. मी एका उडीत घेऊन आलो. तारा तेलात, अन् दिवा हिरवागार. चहावाल्याच्या स्टोव्हचं रॉकेल आणलं. तेही परम सात्त्विक! आता गर्दीत खसखस पिकली.

"गुरू, जीभ काढा," बाई म्हणाल्या.

"अं?"

"जीभ! शाळेत काढत होतात तशी." हिरवेबुवा बाईंचे विद्यार्थी नव्हते, पण त्या आवाजापुढे कुणाचं काय चालतं? जीभ बाहेर आली. दोन्ही तारा जिभेला लागल्या अन् लाल दिवा असा लखलखला की मागच्या रांगेतला म्हातारा ओरडला, "अरे, हा तर विहिरीपेक्षा जहरी निघाला!"

"आता रॉकेलचा पेला पिऊन दाखवा. हिरवा दिवा लागलाय की."

बुवांना एकाएकी दुसऱ्या गावची सभा आठवली. पण रंगवाल्यानं त्यांच्या हिरव्या कोटाची बाही धरून ठेवली होती.

बाईंनी पेटीची खालची फळी सरकवली. आत एक बॅटरी, चार तारा, अन् भरपूर मोकळी जागा. "या पेटीला एकच प्रश्न विचारता येतो," त्या म्हणाल्या, "मधून वीज जाते का? पाण्यात क्षार असतात, दुधात असतात, थुंकीत असतात. वीज जाते, लाल लागतो. तेलातून, रॉकेलमधून जात नाही, हिरवा राहतो. विष आहे की अमृत, हे तिला कुठून कळणार?"

"पण बाई, हरितामृत तर पानाफुलांचं..." शेठ चाचरला.

बाईंनी पाण्याच्या पेल्यात हरितामृत ओतलं. ते मिसळलं नाही, वर तरंगलंही नाही. हिरवा थर सरळ तळाशी जाऊन बसला. "शेठ, तुमच्या जुन्या पिंपात पाणी शिरलं तर कुठं साठायचं?"

"वर. वरचं पाणी काढून टाकायचो आम्ही. द्रावण खाली..." शेठ बोलता बोलता थांबला. आयुष्यभर ज्या द्रावणात कपडे धुतले, तेच त्यानं हिरवा रंग अन् लिंबाचा वास लावल्यावर ओळखलं नव्हतं! जुनं उग्र होतं म्हणून खिडक्या उघड्या असायच्या. नवं सुवासिक, म्हणून माझ्या बहिणीला त्यात कोंडून ठेवलं.

"पक्कं नाव प्रयोगशाळाच सांगेल," बाई म्हणाल्या. "पण पानाफुलांचा अर्क असा बुडत नाही."

बुवांना चौकीवर नेलं. मग जे झालं त्यानं मला बुवांपेक्षा जास्त चीड आली. छापखानेवाला पुढे येऊन बाईंना म्हणतो, "मग खरा हिरवा दिवा लावणारी पेटी कुठं मिळेल? तुम्ही सांगाल ती घेऊ."

"नाही मिळणार," बाई म्हणाल्या. "एका दिव्यात मावेल एवढी ही गोष्ट सोपी नाही. माल कशाचा आहे ते विचारावं लागतं. बनवताना काय सांडलं, वापरताना कुणाच्या छातीत गेलं, टाकल्यावर कुठं मुरलं, तेही बघावं लागतं. वेळ लागतो. कंटाळा येतो. त्याला इलाज नाही."

ताई आता भिंतीला टेकून बसली होती. गालांवर थोडा रंग आला होता. बराच वेळ ती तळाशी बसलेल्या त्या हिरव्या थराकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "हे पाण्यात खाली जातं ना? मग अंगणात इतकं ओतलं, ते कुठं गेलं?"

शेजारणीनं हातातला रिकामा पेला हळूच खाली ठेवला.

"विहीर आजपासून बंद करा," बाई म्हणाल्या. "विहिरीचा नमुना तपासायला पाठवू. कदाचित काही झालं नसेल."

विहिरीचं पाणी चांगलं होतं तेव्हा आम्ही त्याला विष म्हणालो, अन् अमृत म्हणत त्याच्याच शेजारी विष ओतलं. नमुना गेलाय, उत्तर यायचंय. सगळी गल्ली लांबून पाणी वाहते. लॉन्ड्रीचा पंखा दिवसभर घरघरतो, ताई हातमोजे घालते अन् जरा गरगरलं की उठून बाहेर येते. खिडक्या आता शेठ स्वतः उघडतो.

तेव्हा लोकहो, या शिंप्याचं एवढं ऐका. उद्या कुणी 'नैसर्गिक' म्हणत दारात आलं तर रंग बघू नका, वास घेऊन माना डोलावू नका. कशाचं आहे अन् ओतल्यावर कुठं जातं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. आत कुणाची तरी बहीण काम करत असते.