दोन पाटे कमी

सास्तूरच्या शरणप्पांनी सोलापूरहून मोटार आणली तेव्हा गावानं हलगी लावून ती वेशीपासून घरापर्यंत आणली होती. त्याला दोन वर्षं होत आली, तरी पोरं अजून तिच्या धुळीमागं पळायची. शरणप्पा शेंगांचे आणि ज्वारीचे अडते, चार गावांत शब्दाला मान असलेला माणूस. निजामाच्या मुलखातल्या त्या कोपऱ्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक आपली, या समाधानात त्यांना छान झोप लागायची. ती झोप मोडली मेहुण्यानं.

मेहुणा शिवशरण हैदराबादेत कापडाच्या दुकानात मुनीम होता. सन चाळीसच्या दिवाळीला तो बहिणीकडं आला. बड्या लोकांच्या मोटारी रोज बघून त्याची नजर बिघडली होती. अंगणातल्या मोटारीभोवती त्यानं सावकाश एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, ही मोटार हाय का माळा?"

"माळा म्हंजी?"

"पाखरं राखायचा. लई उंच हाय हो! तिकडं आता मोटारी कशा, जमिनीला पोट लावून पळत्यात. मांजर दबा धरून निघाल्यावानी."

शरणप्पा हसले. पण मेहुणा गेला तरी ते वाक्य काही गेलं नाही. सकाळी दार उघडलं की मोटारीच्या जागी चार खांब आणि वर गोफण घेतलेला माणूस दिसायचा, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

शेवटी संक्रांतीच्या तोंडावर त्यांनी उमरग्याच्या बंडप्पा मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीला कुठलंच काम अवघड वाटत नसे. "चाकावर लोखंडाचे पाटे एकावर एक बसवलेत बघा. त्यातले दोन-दोन काढतो. मोटार चार-सहा बोटं खाली येती."

"अन् तोटा?"

"हादरे बसतील. वाटंतला धोंडा खालनं घासंल. पण थाट बघा की! बुधवारी येऊ का?"

"घरात इचारून सांगतो," शरणप्पा म्हणाले.

घरात म्हणजे मल्लम्माला. ती बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. शरणप्पांनी वाटेत जुळवलेलं वाक्य काढलं. "तुझ्यासाठीच करतोय म्या. मोटारीत चढताना गुडघे दुखत्यात तुझे."

"माझे गुडघे बोलले व्हय तुमच्याशी?"

"चढताना हुश्श करतीस की."

"ते म्या पाटावर बसतानाबी करते."

"मग नगं म्हणतीस?"

"म्या कुठं काय म्हणाले? मोटार तुमची."

लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ लावायला शिकवावं लागत नाही. मग शरणप्पांना युक्ती सुचली. पाटे काढायच्या आधी खाली बसलेली मोटार दिसते कशी, ते तरी बघावं. सोमवारी सकाळी त्यांनी हमालाकरवी मागच्या बाजूला ज्वारीची भरलेली पोती टाकली. पोत्यागणिक मोटार कण्हत खाली बसली. शरणप्पा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून बघू लागले. वा! मांजरच की!

सोमवारी दोघं लोहाऱ्याच्या मठात जात. मल्लम्मा नेहमी मागं बसायची, डोक्यावर पदर घेऊन. आज मागं ज्वारी बसलेली. तिनं पोत्यांकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि निमूट पुढं येऊन बसली. वेशीतल्या पारावरची माणसं नवरा-बायकोला शेजारी बघून माना वळवू लागली. शरणप्पांचे कान तापले, पण वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही.

मोटार झोकात निघाली. टप मागं दुमडलेला, थंडीतलं कोवळं ऊन अंगावर. गाड्यांच्या चाकांनी वाट खोल गेलेली, दोन्हीकडं बांध. एरवी मागून मल्लम्माचं काहीबाही चालू असायचं आणि मोटारीच्या आवाजात ते शरणप्पांना ऐकू यायचं नाही. आज ती शेजारी होती, आणि एक शब्द बोलत नव्हती.

"बरं वाटत न्हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय."

"मग?"

"मोटार खाली बसलीय, काय दिसंना झालंय. नुसती माती."

शरणप्पांनी डावी-उजवीकडं बघितलं. खरंच, बांधाची माती आणि वर घायपाताचे काटे.

"दिसायचं काय असतं तिकडं?"

"समदंच की. कुणाचा हरभरा घाट्यावर आला, कुणाची मोट चालू हाय. करडई किती फुललीय. तुम्ही रस्ता बघता, म्या रान बघते." तिनं मागं वळून बघितलं. "अन् सत्यभामा दिसती. मागच्या वळणावर असती, आज दिसली न्हाय."

"कोण सत्यभामा?"

"बेंबळीची. माझ्या माहेरची, आमच्या गल्लीतली. एका झोक्यावर बसायचो आमी. तिला इथं दिलीय, बांधापलीकडं त्यांचं रान हाय. दर सोमवारी भोंगा ऐकला की खुरपं टाकून उभी ऱ्हाती. ती हात करती, म्या हात करते. आज तिला नुसती धूळ दिसली असंल."

"मोटार घेतल्यापास्नं?"

"व्हय."

"मग थांबवा म्हणायचं न्हाय का मला?"

"तुम्ही कशाला थांबताय! थांबलं की मोटार बंद पडती, मग हँडल मारताना ज्याला-त्याला शिव्या."

शरणप्पांनी मोटार थांबवली. ती लगेच बंद पडली. समोरून सास्तूरकडं जाणारी एक रिकामी बैलगाडी येत होती. गाडीवान आणि त्याचा भाऊ ओळखीचे निघाले. तिघांनी मिळून पोती गाडीत घातली, अडतीवर उतरवायला सांगितली. शेवटचं पोतं निघालं तशी मोटार कुरकुरत वर आली, पाठ ताठ करून उभं राहावं तशी.

मग शरणप्पांनी हँडल मारायला घेतलं. घाम फुटला, फेटा सुटला, पण तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. "मिस्त्रीला नगं म्हणून निरोप धाडतो," ते धापा टाकत म्हणाले.

"का वं?"

"मला उंचच बरी वाटती."

मल्लम्मा हसू दाबत मागं जाऊन बसली. मोटार उलट फिरली. वळणावर शरणप्पांनी भोंगा असा लांबवला की बाभळीवरचे बगळे उडाले. बांधावर लुगड्याचा पदर दिसला, मग एक उन्हानं रापलेला चेहरा. शरणप्पांनी मोटार बांधाला लावली, उतरले आणि बायकोसाठी दार उघडून उभे राहिले.

बांध चढताना मल्लम्माचा पाय घसरला, तिला सत्यभामानं वर ओढलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि लगेच हसायला लागल्या. मग सत्यभामा शरणप्पांकडं वळली. "या दाजी! आजवर तुमचं नाक तेवढं दिसायचं, तेबी रस्त्याकडं. आज सगळे दिसलात."

तिनं हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले, काटक्या पेटवून त्यावर हुळा भाजला. तिघं गोल बसून राखेतून घाटे वेचू लागले. बेंबळीत कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाच्या घरात वाटण्या झाल्या, एकेक निघू लागलं. शरणप्पांना त्यातलं एकही माणूस ठाऊक नव्हतं. तरी हात-तोंड काळं करून ते ऐकत राहिले आणि मधूनच "मग पुढं?" असं विचारू लागले.