सात वर्षांनी विचारलेला प्रश्न

“कंपनीत पगार बरा आहे, नोकरी पक्की आहे. मग इथे तासिका तत्त्वावर का यायचंय तुम्हाला?” प्राचार्यांनी विचारलं.

अरिबाचं डेमो लेक्चर नुकतंच संपलं होतं. गिअर शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने तिला दोनदा अडवून शंका विचारली होती. अरिबा अजून त्याच आनंदात होती.

“शिकवायला आवडतं, सर.”

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. मेकॅनिकलची पदवी घेऊन ती सिन्नरच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागली, त्याला सात वर्षं झाली होती. शॉप फ्लोअरवर ती एकटीच बाई. मशीन बंद पडलं की तिला बोलावत, चालू झालं की सगळे आपापल्या जागी. कँटीनमध्ये ती शिरली की टेबलावरचे पुरुष सावरून बसत, गप्प होत. म्हणून ती डबा केबिनमध्येच खायची. संध्याकाळी अम्मीने “आज काय झालं?” विचारलं, तर सांगण्यासारखं काही नसायचं.

“एप्रिलपर्यंतच आहे हं,” प्राचार्य म्हणाले. “पुढचं प्रवेशांवर.”

“चालेल, सर.”

कारखान्यात साहेबांनी तिच्या राजीनाम्यावर सही केली. “बायकांना शिक्षिकेची नोकरीच बरी,” एवढंच म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी ती ड्रॉवर आवरत असताना कॉम्प्रेसर चालवणारे पुंजाराम केबिनच्या दारात आले. ‘मॅडम, मोटर बंद पडली’ यापलीकडे ते कधी बोलले नव्हते.

“मॅडम, एक इचारू? तुम्ही नुसता हात लावून कसं सांगता, मशीनीला काय झालंय ते?”

ती उठली. कॉम्प्रेसरपाशी जाऊन तिने त्यांना मोटरवर तळवा ठेवायला लावला. “डोळे मिटा, काका. सारखी हलतेय, की मधूनच?”

पुंजाराम बराच वेळ उभे राहिले. “मधीच खडखडती.”

“बेअरिंग गेलंय. बोल्ट सैल असता तर सारखी हलली असती.”

ते हसले. “लय दिसाचं इचारायचं व्हतं. पण तुम्ही कायम केबिनीत. म्हणलं, मॅडमला आपल्यासंगं बोलायला आवडत नसंल.”

“चला, पुढचं मशीन बघू,” ती म्हणाली.

सुटी होईपर्यंत ती त्यांना एकेका मशीनपाशी नेत राहिली. मग गेटवर ओळखपत्र जमा करून नाशिकच्या जीपमध्ये बसली. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली. अरिबाला तिच्याशी बोलावंसं वाटत होतं, पण नाशिकरोड येईपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत.